गॅरेज नसलेल्या घरी मोटारसायकल कोरडी आणि जाग्यावर कशी ठेवायची: कोकण किनाऱ्यासाठी

कोकणात गाडीसाठी वेगळं गॅरेज असलेलं घर विरळाच. पडवी असते, मागचं अंगण असतं, एखादा मांगर असतो. नाहीतर घर पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) खाली आणि गाडी वर रस्त्यावर, हा रत्नागिरी-राजापूरकडचा नेहमीचा प्रकार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे ३,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे गाडीचा विचार ‘वरून पाणी लागता नये’ इथे सुरू होतो आणि बहुतेक घरांत तिथेच संपतो. वरचं पाणी अडवणं त्या मानाने सोपं आहे. गाडी खाते ती खालून चढणारी ओल, बाजूने येणारी झड आणि खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेल्या गाडीत तर या तिघांचं चांगलंच फावतं.

मिठाचं थोडं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे स्पोकवर, शॉकअपच्या नळीवर, सायलेन्सरच्या सांध्यात बसलेला मिठाचा थर पाऊस नसतानाही ओलाच राहतो. उघड्यावरच्या गाडीचं मीठ निदान पावसाने धुतलं जातं. छपराखालच्या गाडीवर ते साचत जातं. ‘गाडी कधी भिजलीच नाही, तरी गंजली कशी?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. तेव्हा छप्पर हवं, पण वारा अडवायचा नाही, आणि छप्पर आहे म्हणून धुणं सोडायचं नाही.

जागा आधी, खर्च नंतर

पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. घराची पूर्वेकडची किंवा ईशान्येकडची बाजू मोकळी असेल तर गाडी तिकडे न्या. घराची भिंतच झड अडवते. पश्चिमेलाच जागा असेल तर छपराची उतरती बाजू पश्चिमेकडे ठेवावी लागते आणि जाळी बांधावी लागते, त्याचं पुढे सांगतो.

वळचणीखाली गाडी लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सीट कोरडी दिसते, पण पागोळ्यांचं पाणी तांबड्या मातीवर आपटून दीड-दोन फूट उडतं. तो चिखल चेनमध्ये, मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये आणि इंजिनाच्या पंख्यांमध्ये जाऊन बसतो. वळचणीखाली लावायचीच असेल तर पन्हळ बसवा, किंवा पागोळ्या पडतात त्या रेषेवर फूटभर रुंदीची खडी पसरा.

माडाखाली गाडी नको. नारळ एक वेळ उतरवून घेता येतो. पण झावळ कधी सुटेल याचा नेम नाही, आणि ती १२ ते १५ फूट लांब असते. बुंध्यापासून निदान १५ फूट अंतर सोडा. फणस-आंब्याखाली फांद्यांचं भय आणि चीक. गडग्याला (जांभ्याच्या चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला) चिकटूनही नको: चिऱ्यांच्या फटींत फुरसं हा विषारी साप बसतो, आणि जवळ लाकडांचा ढीग किंवा जुनी कौलं असतील तर हमखास. गडग्यापासून दोन फूट मोकळी जागा ठेवा, ती झाडून घेता येईल अशी.

शेवटचं म्हणजे ती जागा घरातून दिसली पाहिजे. स्वयंपाकघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारा कोपरा कुठल्याही महागड्या कुलपापेक्षा बरा.

कोबा

मातीवर, मग ती सारवलेली का असेना, पावसाळाभर गाडी ठेवू नका. माती खालून सतत वाफ सोडते आणि साईड स्टँड रुतून गाडी आडवी होते. खाली गोणपाट किंवा पुठ्ठा घालणं त्याहून वाईट, कारण ते पाणी धरून ठेवतात. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ४ इंच जाड कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन, कुठल्याही गाडीला पुरतो. शंभर सीसीची साधी गाडी दोन मीटरच्या आसपास लांब असते, ३५० सीसीची बुलेट त्याहून वीतभर लांब. उरलेली जागा तुम्हाला बाजूने फिरायला आणि चेनला तेल घालायला लागते.

हे आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधीचं काम आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, म्हणजे पाणी मारायला दिवस मिळतील.

१. माती सहा इंच खणून काढा. चिऱ्यांचे तुकडे किंवा डबर भरून धुमसा. कोब्याचा माथा अंगणापेक्षा निदान ४ ते ६ इंच वर आला पाहिजे.

२. अँकरसाठी (साखळी बांधायची जमिनीत गाडलेली लोखंडी कडी, ती पुढे सांगतो) दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा याच वेळी घ्या. गाडीच्या मागच्या चाकाच्या शेजारी, कोब्याच्या मागच्या कडेपासून दोन फुटांवर.

३. डबरावर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. खालची ओल इथेच थांबते. गवंडी बहुधा ‘कशाला?’ म्हणेल, तरी अंथरा. फक्त अँकरच्या खड्ड्यावर तो कापून टाका.

४. कोबा आणि खड्डा मिळून १:२:४ प्रमाणाला तीन गोणी सिमेंट, सात ते आठ घनफूट वाळू आणि १५ घनफूट खडी लागते. खाडीची न धुतलेली वाळू वापरू नका. तिच्यातलं मीठ अँकरची सळई आतून खातं. क्रश सँड चालते.

५. उतार मीटरला दोन सेंटिमीटर, घरापासून दूर. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नका. ओल्या चपलेने दीड-दोनशे किलोची गाडी ढकलताना पाय सरकतो. झाडू ओढून खरबरीत ठेवा.

६. सात दिवस गोणपाट घालून पाणी मारा. गाडी दहा दिवसांनी चढवा.

सोसायटीत राहत असाल तर हा सगळा भाग गाळा. तिथे फक्त दोन गोष्टी बघा: डोक्यावरून सांडपाण्याचा पाइप जातो का, आणि अँकरला परवानगी मिळते का. इमारतीच्या खांबाला मात्र भोक पाडू नका. सळईला ड्रिल लागलं की तिथून पाणी शिरतं आणि खांबाचा गंज सुरू होतो.

गाडी कशाला बांधायची

बाजारात कुलपं भरपूर आहेत आणि लोक सगळा पैसा त्यांच्यावर घालतात. पण कुलूप कितीही चांगलं असो, साखळी ज्याला बांधली ते उपटून निघत असेल तर काही उपयोग नाही. शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात. हॅण्डल लॉक आणि डिस्क लॉक यांनी त्यांचं काही अडत नाही.

कोकणातली अडचण अशी की घरं चिऱ्याची. जांभा दगड सच्छिद्र आणि मऊ. त्यात हार्डवेअरच्या दुकानातला फास्टनर ठोकला की सुरुवातीला घट्ट वाटतो, पण पान्याने जोर लावला की भोकातच गरगर फिरतो आणि तांबडी भुकटी गळायला लागते. दोन पावसाळ्यांनंतर तो हातानेही निघतो. भिंतीलाच बांधायचं असेल तर नऊ इंची भिंतीतून आरपार १२ मि.मी.चा आटेवाला रॉड घाला. आतल्या बाजूला सहा इंच बाय सहा इंच, ६ मि.मी. जाडीची लोखंडी प्लेट आणि दोन नट. बाहेरच्या तोंडाला सिलिकॉन भरा, नाहीतर त्याच भोकातून खोलीत ओल येईल.

त्याहून चांगला उपाय जमिनीतला अँकर, आणि तो गावचा वेल्डर अर्ध्या तासात करून देतो. २० मि.मी.ची साधी गोल सळई साडेतीन फूट घ्या. बांधकामाची पिळाची सळई नको. वाकवायच्या आधी तिच्यात एक इंची जी.आय. पाइपचा तीन इंचाचा तुकडा ओवा. मग चौकोनी यू आकारात वाकवा: वरची बाजू पाच इंच, दोन्ही पाय १४ इंच, खालची टोकं चार-चार इंच बाहेर वळवलेली. पायांच्या खाली आठ इंचांची एक आडवी सळई वेल्ड करा. पाइपचा तुकडा वरच्या बाजूवर सैल फिरता राहिला पाहिजे. मुद्दा हाच आहे: कोणी हॅक्सॉ लावला की पाइप ब्लेडबरोबर गोल फिरतो आणि ब्लेडला पकड मिळत नाही.

हा यू खड्ड्यात उभा धरून काँक्रीट भरा, वर फक्त तीन इंच मोकळे ठेवा. दीड फुटाचा तो ठोकळा सुमारे २३० किलोचा होतो, शिवाय कोब्याशी एकजीव. सळई काँक्रीटमधून जिथे बाहेर येते तिथेच पाणी साचतं आणि तिथेच ती पहिल्यांदा बारीक होते. म्हणून तो सांधा किंचित उंच करून घ्या, आधी झिंक प्राइमर आणि वरून डांबरी रंग लावा. दर मे महिन्यात तेवढाच भाग खरवडून पुन्हा रंगवा.

साखळी विकत घेताना खिशात एक कानस घेऊन जा. कडीवर कानस चालवून बघा. साध्या लोखंडाच्या साखळीत ती लगेच चरते आणि चकचकीत ओरखडा उठतो. कठीण केलेल्या पोलादावर ती काचेवर चालवल्यासारखी घसरते, खूण जेमतेम पडते. दुकानदार कुरकुरेल, पण शेवटच्या कडीवर करून बघायला हरकत नसते. कडी १० मि.मी. किंवा जास्त जाडीची, शक्यतो चौकोनी, लांबी चार ते पाच फूट, वर कापडी किंवा रबरी खोळ. विहिरीच्या रहाटाची जुनी साखळी दिसायला दणकट असते. कटरपुढे तिचा टिकाव लागत नाही.

साखळी पुढच्या चाकातून घालू नका. ॲक्सलचा नट काढला की चाक तुमच्याकडे आणि गाडी चोराकडे. मागचं चाक आणि स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) या दोघांतून घाला, किंवा थेट चासीच्या नळीतून. मग ती इतकी आखूड ओढा की जमिनीवर लोळणार नाही: मोठ्या कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून अंगाचं वजन टाकता आलं तरच जाड कडी तुटते, अधांतरी साखळीवर तो जोर मिळत नाही. कुलूप कमी उघड्या कडीचं, किल्लीचं भोक खाली करून. वर तोंड असलेल्या कुलपात आठ दिवसांत पाणी आणि माती.

खाऱ्या हवेत कुलपं आतून जाम होतात. पितळी किंवा स्टेनलेस अंगाचं घ्या. पंधरा दिवसांनी भोकात ग्राफाइटची पूड किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका आणि किल्ली पाच-सहा वेळा फिरवा. ग्रीस भरू नका, त्यात धूळ बसून ते घट्ट होतं. खोबरेल तर अजिबात नको. थंडीत गोठतं, उन्हाळ्यात चिकट होतं, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या.

बाकीचं थोडक्यात. डिस्क लॉक लावलात तर हॅण्डलला आठवणीची दोरी बांधा, नाहीतर सकाळच्या घाईत गाडी पहिल्याच फुटावर आडवी होते. सोलर दिव्यावर पावसाळ्यात विसंबू नका, आठ-आठ दिवस ऊन नसतं. विजेचा सेन्सरवाला दिवा लावा आणि लाइट जाते हे धरून चाला. जीपीएस ट्रॅकर चांगला, पण तो बॅटरी पितो: महिनाभर उभ्या गाडीची छोटी बॅटरी उतरवायला तेवढं पुरतं. गुपचूप बसवायचा किल-स्विच (इंजिन चालू होऊ न देणारं छुपं बटण) जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला सोपा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी आणि सेन्सर या दोन्हींशी भांडण.

गाडी वर, घर खाली

पाखाडीच्या घरांचा प्रश्न वेगळा, आणि त्याचं सोपं उत्तर नाही. गाडी नजरेआड असते आणि रस्त्याची कड सरकारी असते, तिथे तुम्हाला पक्कं बांधता येत नाही. सगळ्यात चांगली सोय म्हणजे रस्त्यालगतच्या एखाद्या घरवाल्याला विचारून त्याच्या हद्दीत चार-पाच घरांनी मिळून जागा करणं. एकच कोबा १६ फुटांचा, दोन-तीन अँकर, एक पत्रा आणि एक दिवा. विजेचं बिल कोण भरणार आणि पन्हळ कोण साफ करणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. अशा जागा मोडतात त्या पावसाने नव्हे, या दोन गोष्टींवरून.

असं जमेपर्यंत गाड्या एकमेकींना बांधा: दोन गाड्या उलटसुलट तोंडांनी जवळ, एकच साखळी दोघींच्या चासीतून. दोन जोडलेल्या गाड्या उचलणं जड आणि अवघड, ढकलणं तर होतच नाही. उतारावर तोंड चढाकडे, पहिला गिअर, पुढचं चाक गडग्याला टेकलेलं. साईड स्टँडखाली चिऱ्याची चकती ठेवा.

छप्पर

८ बाय ५ च्या कोब्यावर १० बाय ७ फुटांचं छप्पर बसतं. उंच बाजू ८ फूट, उतरती साडेसहा फूट. सात फुटांत दीड फूट उतार म्हणजे सुमारे १२ अंश, आपल्या पावसाला तेवढा लागतोच. खांब चार, ५० बाय ५० मि.मी.चे, जाडी निदान २ मि.मी., दोन फूट खोल काँक्रीटमध्ये. वर तीन आडव्या पट्ट्या. पत्रे आठ फुटी तीन. एका पत्र्याने साधारण मीटरभर रुंदी झाकली जाते.

पत्रा निवडताना पैसे वाचवू नका. साधा जी.आय. पत्रा किनाऱ्यालगत थोड्याच वर्षांत चाळण होतो. रंगीत गॅल्व्हल्यूम, ०.५ मि.मी. घ्या, आणि तो भिंतीत सिमेंटने गाडू नका. ओल्या सिमेंटचा क्षार त्याचा लेप खातो. भिंत आणि पत्रा यांच्यात वेगळी पट्टी आणि सिलिकॉन. वेल्डिंग झालं की त्या जागेचं जस्त जळलेलं असतं. तिथे झिंक प्राइमर त्याच दिवशी लावून घ्या, उद्यावर टाकलं की राहिलं.

स्क्रू रबरी वॉशरचे, सुमारे ४०. ते पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे. खोबणीतून पाणी वाहतं, तिथलं भोक उद्या ना परवा गळणारच. वॉशर जरा दबला की थांबा. जास्त आवळला तर रबर बाहेर येऊन वर्षात चिरतं. पत्र्यांचा जोड वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवा, म्हणजे वारा सांध्यात शिरणार नाही. कडेच्या ओळींना दुप्पट स्क्रू. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर पत्रे उडवले, तेव्हा हे सांगायला वेगळा दाखला नको. वारा पत्र्याला खालून उचलतो, म्हणून खांबाचं काँक्रीट महत्त्वाचं.

बाजूने झड येते तिथे ताडपत्री ताणण्यापेक्षा ७५ ते ९० टक्क्यांची शेडनेट बांधा. पावसाचे थेंब तिच्यावर फुटतात, वारा मात्र आत येतो. घरी झावळ्यांची झापं विणणारं कोणी असेल तर तीही उत्तम. ताडपत्रीच लावायची तर खाली फूटभर आणि वर अर्धा फूट उघडं ठेवा.

आता पन्हळ. १० बाय ७ च्या छपरावर १०० मि.मी. पाऊस पडला की जवळजवळ साडेसहाशे लिटर पाणी होतं. ते एका २०० लिटरच्या पिंपात वळवा. हेच गाडी धुवायचं पाणी. खाडीकाठच्या विहिरी आणि बोअर बऱ्याचदा मचूळ असतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरचं मीठ आणि पाचोळा असतो. पिंपावर बारीक जाळी बांधा, डास होतात.

छप्पर करणं शक्यच नसेल तर

बाजारातलं चकचकीत कव्हर थेट गाडीवर घातलं की आतली ओल आतच राहते. सकाळी काढून बघा: टाकीवर आणि मीटरच्या काचेवर आतून पाण्याचे मणी. शिवाय वाऱ्याने ते फडफडतं आणि खाली अडकलेली तांबडी धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

त्यापेक्षा तंबू करा. गाडीच्या दोन्ही टोकांना पाच फूट उंचीचे बांबू, त्यांच्यामध्ये नायलॉनची दोरी ताणलेली, तिच्यावर १२ बाय ९ फुटांची ताडपत्री, गाडीपासून निदान सहा इंच वर. दोन्ही टोकं उघडी. कोपऱ्यांना दोरी थेट बांधू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी बांधा. वाऱ्याचा हिसका रबर घेतं आणि ताडपत्रीची भोकं फाटत नाहीत. ताडपत्रीच्या आत हवं तर सुती चादर घाला, माकडांनी आणि मांजरांनी सीट फाडू नये म्हणून. सायलेन्सर गार व्हायला अर्धा तास द्या, मगच झाका. आणि कुठलंही आवरण उचलायच्या आधी काठीने दोनदा टकटक करा. फुरशाला कोरडी जागा तुमच्याइतकीच आवडते.

आठवड्याचं काम

रविवारी २० मिनिटं पुरतात. पिंपातल्या पाण्याने गाडी धुवा, बादली आणि मग्गा, प्रेशर नको; तो पाणी बेअरिंगमध्ये ढकलतो. चाकं, स्पोकची मुळं, मडगार्डचा आतला भाग आणि शॉकअपच्या नळ्या आधी. टाकी सगळ्यात शेवटी. मग १५ मिनिटं चालवून आणा. इंजिनाच्या उष्णतेने आणि वाऱ्याने जे सुकतं ते फडक्याने सुकत नाही.

आल्यावर चेन गरम असतानाच ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने आतल्या बाजूने लावा, दहा मिनिटांनी जादाचं पुसा. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने कधी धुऊ नका. शॉकअपच्या उघड्या नळ्यांवर तेलाचं बोट फिरवा. तिथे गंजाचा एक ठिपका उठला तरी तो ऑइल सील कापतो आणि मग तेल गळतं. डिस्कला आणि ब्रेकच्या लायनिंगला तेल लागू देऊ नका. पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून देतात, तो प्रकार टाळा: रबर फुगतं आणि धूळ चिकटून त्याचाच थर होतो.

एक भोक सगळे विसरतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलगट भागात बसवलेलं असतं, त्या खळग्यातलं पाणी खाली सोडायला बारीक छिद्र आणि त्याला नळी असते. ते मातीने बुजलं की खळग्यात पाणी साचतं आणि झाकणाच्या रबरातून टाकीत उतरतं. गाडी चालता चालता दम टाकते, मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करतो, आठवड्याने पुन्हा तेच. महिन्यातून एकदा बारीक तार घाला आणि पाणी ओतून खाली निघतं का बघा.

पूर येणाऱ्या ठिकाणी

चिपळूण, खेड, महाड, राजापूर, संगमेश्वर या भागांत नदी-खाडीकाठी राहत असाल तर कुलपाची दुसरी किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा वेळ मिळाली ती फार थोडी. उधाणाची भरती आणि वर घाटात जोराचा पाऊस एकत्र आला की गाडी आधीच उंचावर नेऊन लावा.

इंजिनापर्यंत पाणी चढलं असेल तर स्टार्ट करू नका, एकदाही नाही. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लग काढा, किक मारून किंवा टॉप गिअरमध्ये मागचं चाक फिरवून पाणी बाहेर काढा, एअर फिल्टर बदला. इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय: ते काढून नवं भरा, थोडं चालवा आणि पुन्हा एकदा बदला. फोटो आधी काढून ठेवा, विम्याला लागतात.

विम्याचं एक नीट तपासा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. पण चोरी आणि पूर यांची भरपाई ‘ओन डॅमेज’ भागातून मिळते आणि तो भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो. पाच वर्षांचा कागद हातात आहे म्हणून निश्चिंत बसलेल्यांना गाडी गेल्यावरच हे कळतं. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, तेव्हा दुसरी हरवली असेल तर आत्ताच लेखी नोंद करा. चासी नंबर हॅण्डलच्या मानेवर असतो; त्याचा आणि इंजिन नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा.

चाकरमान्यांच्या गाडीसाठी

मे महिन्यात गाडी लावून मुंबईला जायचं आणि गणपतीला यायचं, अशी गाडी तीन-साडेतीन महिने उभी असते. जायच्या आदल्या दिवशी ती धुऊन, चालवून, पूर्ण सुकवा. टाकी मानेच्या खालपर्यंत भरा. रिकाम्या टाकीत ओल धरते आणि आतून गंजते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बदला. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालच्या स्क्रूने त्याची वाटी रिकामी करा.

मेन स्टँडवर लावा, टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करते. त्याला एक लाल चिंधी लोंबती ठेवा, म्हणजे चालू करताना आठवेल. एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. उंदराला कागदी फिल्टर घरट्यासाठी फार पसंत. बॅटरी काढा, निगेटिव्ह आधी. ती घरात लाकडी फळीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा शेजाऱ्याला चार्ज करायला सांगा. शेजाऱ्याला ‘अधूनमधून स्टार्ट करून ठेव’ मात्र सांगू नका. पाच मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनाचं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून सडतो. चालवायची तर १५-२० मिनिटं रस्त्यावर, नाहीतर हात लावू नये.

आल्यावर घाई नको. काठीने टकटक, चादर काढा, जाळी आणि लाल चिंधीचं फडकं काढा. सीटखाली आणि वायरिंगला उंदराचे दात लागलेत का बघा. बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह आधी, १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. हवा भरा, चेन ओढून बघा, कुठे कडी ताठ झाली असेल तर तेल घालून हाताने मोकळी करा. स्टार्ट झाली की लगेच रस्त्यावर काढू नका. अंगणातच पाच-सहा वेळा मागचा आणि पुढचा ब्रेक दाबा. ड्रममध्ये लायनिंग चिकटलेलं असतं, आणि डिस्कवरचा तांबूस थर निघेपर्यंत पहिले चार-पाच ब्रेक लागतच नाहीत.